नायलॉनखालचं लाल कातडं

कराकस
८ फेब्रुवारी १९९८

प्रिय अफीफाताई,

आधी बातमी, मग चौकशी. माझ्या मगालीचं लग्न ठरलं. मुलगा इथे इंजिनियर आहे, पण मूळचा आपल्याच अलेप्पोचा, अझीझिये मोहल्ल्यातल्या मिठाईवाल्यांचा नातू. त्याची आजी काही केल्या विमानात बसत नाही, म्हणून लग्न तिकडेच, सप्टेंबरात, क्रूसाचा सण झाल्यावर. आम्ही सगळे येतो आहोत. पंचवीस वर्षांनी तुझ्या हातचे कुब्बे खाईन.

आता माझी हौस ऐक. मगाली आपल्या दारातून चर्चला जाईल ती बाबांच्या मर्सिडीजमधून, आणि तीही खोळी काढलेल्या सीटवर बसून. ताई, गाडी घेऊन चाळीस वर्षं झाली, पण त्या लाल कातड्याला आपल्यापैकी एकाचंही बूड लागलेलं नाही. कातड्यावर नायलॉन, नायलॉनवर कापडी खोळ, आणि खोळीवर आपण, तेसुद्धा पायपुसण्यावर पाय झटकून. मी इथे लोकांना सांगतो तेव्हा ते हसतात. सांगताना मलाही हसू येतं, पण तेव्हा येत नव्हतं.

परवा बाबांना फोनवर म्हटलं, "बाबा, नातीच्या लग्नात तरी नायलॉन काढा." तर म्हणाले, "लाइन खराब आहे, ऐकू येत नाही," आणि ठेवला. त्याआधी दहा मिनिटं लाइन ठणठणीत होती. जीव अडकलाय त्यांचा त्या सीटांमध्ये, दुसरं काय. म्हणून तुला लिहितो आहे. फोन त्यांच्याच उशाशी, त्यावर असलं बोलता येत नाही.

मे महिन्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे ना? त्यानंतर ते वर्दाआत्याकडे राहतील, तिच्या घराला जिने नाहीत. तेवढ्यात गाडी कुणाकडे तरी नेऊन नायलॉन काढून घे आणि कातड्याला जरा तेलपाणी कर. होईल तो खर्च माझा. एकदा निघालं की बाबाही खूश होतील बघ.

तुझा
नऊम


अलेप्पो
३ मार्च १९९८

प्रिय नऊम,

मगालीला माझे खूप खूप आशीर्वाद. मुलाच्या आजीला मी ओळखते. विमानाच्या तिकिटात घासाघीस करता येत नाही म्हणून ती बसत नसेल. बाकी माणसं चांगली आहेत.

कुब्बे करीन, घर रंगवून घेईन, पाहुण्यांच्या गाद्या उन्हात घालीन. गाडीचं मात्र मला सांगू नकोस.

तू तेव्हा अठरा वर्षांचा होतास आणि परीक्षेच्या नावाखाली गच्चीवर झोपत होतास, तरी आठवत असेलच. "अफीफाच्या लग्नात खोळी निघतील," हे वाक्य मी नऊ वर्षांची असल्यापासून ऐकत होते. अख्ख्या गल्लीला पाठ होतं. बाबा कॉफीच्या दुकानात बसून त्या कातड्याचं वर्णन करायचे तेव्हा लोक पत्ते खाली ठेवून ऐकायचे. माझं इलियासशी ठरलं तेव्हा गल्लीतल्या बायकांनी मला आधी पोशाखाचं विचारलं नाही. सीटांचं विचारलं.

आणि लग्नाला आठवडा राहिला असताना बाबा जेवता जेवता म्हणाले, "गाडी मिळणार नाही. टॅक्सी करा." का, ते सांगितलं नाही. आईने विचारलं, पाद्रीबाबांनी घरी येऊन विचारलं. तोंडाला कुलूप. इलियासच्या आईला वाटलं, यांना सोयरीकच पसंत नाही. "ज्या बापाला मुलीपेक्षा सीट प्यारी, त्या घरात काहीतरी काळंबेरं आहे," असं ती आपल्या दिवाणखान्यात बसून म्हणाली. शब्दाने शब्द वाढला. लग्न पुढे ढकललं, आणि ढकलता ढकलता ते हाताबाहेर गेलं. पुढच्या ईस्टरनंतर इलियासने औषधवाल्याची मुलगी केली.

सत्तावीस वर्षं मी बाबांचं सगळं करते. जेवण, औषधं, कपड्यांना इस्त्री. कुणी म्हणू नये की अफीफाने म्हाताऱ्या बापाला टाकलं. पण आमचं बोलणं म्हणजे "दार लावलं" आणि "गोळी घ्या". त्या गाडीसाठी मी बोटही हलवणार नाही. दुसरा कुणी बघ.

अफीफा


कराकस
२९ मार्च १९९८

ताई,

पत्र दोनदा वाचलं. राग तुझा बरोबर आहे. मी त्यावर काही बोलत नाही.

पण दुसरा कुणी म्हणजे कोण? तिथे आपलं आहे कोण? बाबा चौऱ्याऐंशीचे झाले. मला राहून राहून वाटतं, या माणसाने आयुष्यभर एकच वस्तू जपली, ती एकदा उघडी करून बघितल्याशिवाय हा मरणार. एक सकाळ, ताई. त्यांनी हाताने त्या खोळी काढाव्यात, लोकांनी बघावं, आणि मगाली त्यावर बसावी. तुझ्या लग्नात व्हायला हवं होतं ते. झालं नाही. म्हणून कुणाच्याच लग्नात होऊ नये का?

आणि तू नाही म्हणालीस तरी करशील, मला माहीत आहे. तू पहिल्यांदा नेहमीच नाही म्हणतेस.

नऊम


अलेप्पो
२१ मे १९९८

प्रिय नऊम,

तू शहाणा आहेस असं समजू नकोस. मगालीसाठी केलं.

बाबांचं ऑपरेशन नीट झालं. डोळ्यावर पट्टी बांधून वर्दाआत्याकडे मुक्काम ठोकून आहेत आणि तिच्या स्वयंपाकाला नावं ठेवताहेत, म्हणजे तब्येत ठीक. शेजारच्या जोसेफला घेऊन मी गाडी मिदान मोहल्ल्यात उस्ताद बेद्रोसकडे नेली. गाड्यांच्या सीटा शिवायचा त्यांचा धंदा बापापासूनचा. दुकान म्हणजे नावाला एक खोली. सीटा उचकटून फुटपाथवर मांडतात, आणि येणारा-जाणारा त्यावर बसून फुकटचा सल्ला देतो.

कापडी खोळ निघाली. खाली नायलॉन, कावीळ झाल्यासारखं पिवळं, आतलं काही दिसेना. बेद्रोसने टाके उसवून एक टोक ओढलं आणि त्याचा हात थांबला. नायलॉनबरोबर कातडंही सुटून येत होतं, भाजलेल्या मिरचीची साल निघावी तसं. खाली सीटेत भरलेले घोड्याचे केस बुरशीने काळे पडलेले. वास असा की फुटपाथवरचे सल्लागार चार पावलं मागे सरकले. मागची सीट, पुढची सीट, सगळं तेच. बोट लावलं की भुगा.

बाबा दर शनिवारी गाडी धुवायचे, आठवतं? ते पाणी टाक्यांतून आत जायचं आणि नायलॉनमुळे बाहेर पडायचं नाही. वरून आपला उन्हाळा. बेद्रोस म्हणाला, "बाई, माणसं बसली असती तर टिकलं असतं. याला जपून जपून मारलंय." मग खर्च सांगताना म्हणाला, "झाकली मूठ सव्वा लाखाची. उघडली की साठ हजारांची." कातडं, स्प्रिंगा, केस, शिलाई मिळून साठ हजार लिरा. माझा वर्षाचा पगार.

नऊम, मला वाटलं होतं, त्या सीटांचं असं काही झालेलं बघून मला बरं वाटेल. सत्तावीस वर्षं मी हेच मागितलं असेन. पण मी तिथे फुटपाथवर उभी राहून रडले. काहीच नव्हतं रे आत. कशासाठी झालं सगळं? बेद्रोसला वाटलं मी किंमत ऐकून रडते आहे. त्याने दोन हजार कमी केले.

काय करायचं ते कळव.

अफीफा


कराकस
१४ जून १९९८

ताई,

मला हे पटत नाही. बाबांनी ती गाडी तळहाताच्या फोडासारखी जपली. आपल्याला आत बसून संत्रं सोलू दिलं नाही कधी. ती आतून सडेल कशी? तू शाळेतली बाई, तुला मुलींचे निबंध तपासता येतात, बाजारातली माणसं नाही. त्या बेद्रोसने चांगलं कातडं काढून ठेवलं असणार आणि दुसऱ्या कुठल्या गाडीचं सडकं दाखवलं असणार. साठ हजार! एवढ्यात इथे जुनी गाडी येते.

आणि रागावू नकोस, पण तुला ती गाडी आवडत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. वाईट तेवढंच तुला दिसलं असेल.

खरंच खराब असेल तर रेक्झिन घालून टाक. बारा-पंधरा हजारांत होईल. फोटोत रेक्झिन काय आणि कातडं काय, सारखंच.

नऊम


अलेप्पो
२ जुलै १९९८

नऊम,

तुझं चांगलं कातडं सोबत पाठवते आहे. पाकीट उघडताना खाली वर्तमानपत्र पसर.

रेक्झिन मी घालणार नाही. का ते विचारू नकोस, मलाही सांगता यायचं नाही.

अफीफा


कराकस
२५ जुलै १९९८

प्रिय ताई,

चुकलो. पाकीट दुकानात फोडलं. गल्ल्यावर लाल भुगा सांडला आणि एक बाई घाबरून विचारायला लागली, हा कसला मसाला?

खालच्या गल्लीतला हन्ना पुढच्या आठवड्यात तिकडे येतो आहे, त्याच्याबरोबर सहाशे डॉलर पाठवतो. अजून हवे होते, पण इथे धंदा बसला आहे. दुकानात गिऱ्हाइकांपेक्षा उधारी मागणारेच जास्त येतात. उरलेले मागाहून देईन.

एकच सांगणं. बाबांना यातलं काही कळता कामा नये. चाळीस वर्षं ज्याच्यावर खोळी चढवल्या ते आतून केव्हाच मेलं होतं, हे त्यांना कळलं तर ते त्या धक्क्यानेच जातील. बेद्रोसला सांग, रंग तोच हवा, शिवण तीच हवी. आणि वरून तेच जुनं पिवळं नायलॉन आणि तीच कापडी खोळ पुन्हा चढव. लग्नाच्या सकाळी बाबा आपल्या हाताने काढतील आणि त्यांना वाटेल, हेच ते. त्यांचं जपणं वाया गेलं नाही असं त्यांना वाटू दे. एवढं खोटं देव माफ करेल.

तुझा
नऊम


अलेप्पो
२४ ऑगस्ट १९९८

प्रिय नऊम,

झालं. मागच्या सीटच्या पाठीमागे, घडीत दडलेला वीतभर तुकडा चांगला राहिला होता. त्यावरून बेद्रोसने रंग जुळवला. तीन वेळा रंगवलं, तीन वेळा "टोमॅटो झाला" म्हणून स्वतःलाच शिव्या दिल्या. चौथ्यांदा जमलं. नायलॉन परत चढवायला सांगितलं तेव्हा त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "बाई, नवरीला नटवून वर गोणपाट घालतात तुमच्यात?" म्हटलं, घालतात आमच्यात, तू शिव.

तुझे डॉलर मोडून तीस हजार आले. बाकीचे अठ्ठावीस मी घातले. कराकसच्या तिकिटासाठी ठेवले होते. तुम्हीच सगळे इकडे येताय, मग मी तिकडे काय भिंती बघायला येऊ? मागाहून देईन वगैरे लिहू नकोस.

बाबा घरी आले आहेत. नव्या डोळ्याने त्यांना सगळं दिसतं, छतावरची जळमटं आधी. गाडी इंजिनासाठी दिली होती असं मी सांगितलं. "बरं," म्हणाले. कुणाकडे, किती दिवस, काय बिघडलं, काही विचारलं नाही. वयाने विसरत चालले असतील.

खोळी चढवायच्या आधी मी एकदा त्या कातड्यावरून हात फिरवला. बेद्रोस म्हणाला, "बसा की." नाही बसले. नवरीच्या आधी मी कशाला?

या लवकर. गाद्या उन्हात घातल्या आहेत.

अफीफा


कराकस
१८ ऑक्टोबर १९९८

प्रिय ताई,

सुखरूप पोचलो. मगाली अजून तुझ्या चेरीच्या कबाबांबद्दल बोलते. फोटो आले की पाठवतो.

पण एक गोष्ट मनातून जात नाही. तिथे माणसांच्या गर्दीत विचारता आलं नाही, आणि विचारलं तेव्हा तू टाळलंस.

त्या सकाळी मी बाबांच्या हातात कात्री दिली. अख्खी गल्ली जमली होती. ते नाही नाही म्हणत होते, मी जवळजवळ जबरदस्तीच केली. नायलॉन निघालं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, बायकांनी जिभा हलवत आनंदाचे लांबवर हेल काढले. मी बाबांचा चेहरा बघायला पुढे झालो. ताई, त्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. ते त्या कातड्याकडे असे बघत होते जणू दारात कुणी भलताच येऊन उभा राहिलाय. मग त्यांनी तुझ्याकडे बघितलं, माझ्याकडे नाही. म्हणाले, "सगळे वर जा. अफीफा, तू थांब."

आणि तुम्ही दोघं गाडीत मागे दारं लावून अर्धा तास बसलात. वर मगाली पोशाखात घामाघूम, चर्चमधून निरोपावर निरोप. तू वर आलीस तेव्हा डोळे लाल. विचारलं तर म्हणालीस, खोळींची धूळ. विमानतळावर बाबांनी मला मिठी मारली, पण सीटांबद्दल चकार शब्द नाही. एवढा खर्च केला, एवढी लपवाछपवी केली, आणि "छान" एवढंसुद्धा नाही.

त्यांना कळलं का? खर्चावरून रागावले का तुझ्यावर? मी लिहिलं होतं तसं झालं का, धक्का बसला का? खरं सांग. दोष माझा आहे, कल्पना माझी होती.

नऊम


अलेप्पो
१२ नोव्हेंबर १९९८

प्रिय नऊम,

तीन वेळा लिहायला बसले आणि उठले. आज पूर्ण करते.

त्यांना त्या दिवशी कळलं नाही. त्यांना आधीपासून माहीत होतं.

दारं लावली तेव्हा मला वाटलं, रागावणार. ते कातड्यावर पंजा ठेवून बसले होते. म्हणाले, "हे कुणी केलं?"

मी म्हटलं, "मिदानमधल्या बेद्रोसने."

"बापाने की मुलाने?"

"मुलाने. बाप जाऊन दहा वर्षं झाली."

"कितीला?"

खोटं बोलावं असं वाटलं, पण जमलं नाही. "अठ्ठावन्न हजार."

मग म्हणाले, "बापाने मला नऊशे सांगितले होते."

मला क्षणभर काही समजलं नाही. मग समजलं.

माझ्या लग्नाला आठवडा राहिला होता, तेव्हा ते एकटे खाली गेले होते. त्यांना वाटलं, सगळ्यांसमोर काढायच्या आधी एकदा आतून पुसून ठेवू. मागच्या सीटचा कोपरा उसवला, तर कातडं हातात आलं. तेरा वर्षांतच ते गेलं होतं, नऊम. त्यांनी तो कोपरा पुन्हा शिवला आणि चालत मिदानला गेले. म्हातारा बेद्रोस म्हणाला, नऊशे लिरा, चार दिवसांत देतो.

"नऊशे होते माझ्याजवळ," बाबा म्हणाले. "तुझ्या लग्नाचेच होते. दिवसही होते. पण सीटा फुटपाथवर मांडल्याशिवाय त्यांना काम करता येत नाही. आणि समोरच आम्ही बसायचो ते कॉफीचं दुकान. तेरा वर्षं ज्यांना मी त्या कातड्याच्या गोष्टी सांगितल्या, ते सगळे तिथे बसलेले. म्हटलं, पोरगी टॅक्सीने जाईल. टॅक्सीने काय लग्न लागत नाही?"

त्यांना वाटलं होतं, दोन दिवस घरात आरडाओरडा होईल आणि लग्न होऊन जाईल. इलियासच्या आईचं तोंड सुटेल हे त्यांच्या हिशेबात नव्हतं. मग पाद्रीबाबा घरी आले. "तेव्हा अगदी तोंडाशी आलं होतं," म्हणाले, "पण वाटलं, आता फार उशीर झाला. आता सांगितलं तर लोक म्हणतील, एवढ्यासाठी?" आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "उशीर झाला नव्हता, अफीफा. तेव्हा चारच दिवस झाले होते."

मी म्हटलं, "बाबा, मी गाढवाच्या गाडीतून गेले असते."

"तू गेली असतीस," ते म्हणाले. "मला पाठवता आलं नसतं."

मग ते रडले. मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं, आई गेली तेव्हाही नाही. मी काय केलं विचारशील. काही केलं नाही. जवळ बसून राहिले. नंतर वर येऊन मगालीच्या डोक्यावरचं जाळीचं वस्त्र नीट केलं आणि तुला धुळीचं सांगितलं.

तू उगाच स्वतःला दोष देऊ नकोस. आपण दोघं त्यांच्यापासून जे लपवत होतो, तेच ते आपल्यापासून लपवत होते. घरात तीन माणसं आणि तिघांनी मिळून एका सडक्या सीटवर खोळ धरून ठेवली होती.

इलियासचं मला दुःख नाही. मागच्या महिन्यात भाजीबाजारात दिसला, बायकोच्या मागे कोबीच्या पिशव्या घेऊन. पोट सुटलं आहे. मला ओळखलं की नाही कोण जाणे. त्याच्या घरी मी सुखी झाले असते की नसते हे आता देवालाच ठाऊक.

दुःख निराळं आहे. बापाला माझ्यापेक्षा गाडी प्यारी, असं धरून मी सत्तावीस वर्षं त्यांच्याशी वागले. तो माणूस या घरात नव्हताच. होता तो एक लाजलेला माणूस. कॉफीच्या दुकानातल्या आठ-दहा जणांना भ्यालेला. त्यातले बहुतेक मेले. जे उरलेत त्यांना आपली गाडी कोणत्या रंगाची हेही आठवत नसेल. त्यांनी एकदा म्हणायचं होतं, "पोरी, कातडं सडलं गं." मी हसले असते. खरंच हसले असते, नऊम, तेव्हा मी फार हसायची. आणि मीही एकदा विचारायचं होतं. सगळ्यांनी विचारलं, आईने, पाद्रीबाबांनी, इलियासच्या आईने. मी नाही विचारलं. मला वाटलं, मला माहीत आहे.

माफ केलं का, असं तू विचारशील. बहुधा केलं. राग शोधून बघते तर सापडत नाही. पण त्याच्या जागी ठेवायला काही नाही. संध्याकाळी आता आम्ही दोघं बाल्कनीत खुर्च्या टाकून बसतो. ते विचारतात, "शाळेत काय काय शिकवतेस?" मी सांगते. पंचवीस वर्षं फ्रेंच शिकवते आहे हे त्यांना माहीत नव्हतं, त्यांना वाटायचं गणित. मीही परवा पहिल्यांदा विचारलं, तरुणपणी तुम्हाला काय व्हायचं होतं? मग म्हणाले, "उद्या सांगतो."

बाबा चौऱ्याऐंशीचे आहेत, नऊम, आणि आमची आता कुठे ओळख होते आहे.

तुझी ताई
अफीफा